जवळच्या ताऱ्यांचे तपकिरी सोबती: यादीपासून वर्णपटापर्यंत

वीस-पंचवीस पार्सेकच्या (पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं) आतल्या ताऱ्यांना एखादा तपकिरी बटू, म्हणजे तारा होण्याला वस्तुमान कमी पडलेली वस्तू, सोबती आहे का, हे आज कुणालाही तपासता येतं. लागणारी विदा (डेटा) खुली आहे, साधा लॅपटॉप पुरतो आणि निदान पहिल्या टप्प्यांना पैसे पडत नाहीत. तरी सुरुवातीला धास्ती वाटतेच. शोधनिबंधांत शेवटचा निकाल असतो. उमेदवार शेकड्यांनी हाती येतात आणि एकेक करून कसे गळतात, ती सगळी चाळणी तिथे दोन ओळींत उरकलेली असते. हे लिखाण त्या चाळणीबद्दल आहे. या कामात एक धोरण शेवटपर्यंत उपयोगी पडलं: दोन मिनिटांच्या फुकट तपासण्या आधी, महागड्या शेवटी. दुर्बिणीच्या वेळेसाठी अर्ज लिहायला बसण्याआधी उमेदवार बाद करण्याचे सगळे स्वस्त मार्ग वापरून झालेले असावेत.

मुळात सोबतीच का शोधायचा, एकटे भटकणारे तपकिरी बटू काय कमी आहेत का? अडचण वयाची आहे. गुरूच्या साधारण १३ ते ७५-८० पट वस्तुमानाच्या या वस्तू हायड्रोजन जाळत राहू शकत नाहीत, त्या आयुष्यभर थंड होत जातात. त्यामुळे म्हातारा जड बटू आणि तरुण हलका बटू एकाच तापमानाचे, जवळजवळ सारखेच दिसू शकतात. बटू ताऱ्यासोबत असला की ताऱ्याचं अंतर, वय आणि धातुप्रमाण (हायड्रोजन-हीलियमहून जड मूलद्रव्यांचं प्रमाण) त्यालाही लागू होतं, आणि वस्तुमानाचा अंदाज बराच घट्ट बसतो.

पहिला निर्णय घ्यायचा तो शोध कुठे घ्यायचा याचा. ताऱ्यापासून काही आर्कसेकंदांच्या (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) आत आणि कित्येक आर्कमिनिटं दूर, ही दोन पूर्णपणे वेगळी कामं आहेत. १९९५ मध्ये जाहीर झालेला ग्लीज २२९ बी हा बटू आपल्या ताऱ्यापासून जेमतेम पावणेआठ आर्कसेकंदांवर होता. तो पकडायला अॅडाप्टिव्ह ऑप्टिक्स (हवेची थरथर दुरुस्त करणारी यंत्रणा) आणि ताऱ्याचा प्रकाश झाकणारा कोरोनाग्राफ लागला. उलट एप्सिलॉन इंडायचा सोबती, २००३ मध्ये सापडलेला, तब्बल ४०२ आर्कसेकंद लांब आहे. हे अंतर मांडायचं गणित सोपं आहे: कोनीय अंतर आर्कसेकंदांत, ताऱ्याचं अंतर पार्सेकमध्ये, दोन्हींचा गुणाकार म्हणजे खगोलीय एककांतलं अंतर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर). ४०२ गुणिले ३.६४ म्हणजे सुमारे १,४६०. ही प्रक्षेपित, म्हणजे आकाशाच्या सपाट पटावर दिसणारी, लांबी आहे, खरं अंतर जास्तच असणार. सूर्यासारख्या ताऱ्यांच्या अगदी जवळ, काही खगोलीय एककांच्या आत, तपकिरी बटू फारच विरळ आहेत. तेव्हा खुल्या विदेवर काम करायचं असेल तर दूरचे सोबती हाच शहाणपणाचा रस्ता. जवळच्यांचं पुढे येईलच.

ताऱ्यांची यादी गाया या युरोपीय अवकाश दुर्बिणीच्या तिसऱ्या विदा-आवृत्तीतून, डीआर३मधून, घेतली. १३ जून २०२२ला ती खुली झाली. एडीक्यूएल या सूची चाळण्याच्या भाषेत पराशय (पृथ्वीच्या प्रदक्षिणेमुळे ताऱ्याचं दिसणारं डोलणं; जितकं मोठं तितका तारा जवळ) ५० मिलीआर्कसेकंदांहून जास्त अशी अट घातली की वीस पार्सेकचा गोल मिळतो. पण एवढीच अट ठेवली तर आकाशगंगेच्या पट्ट्यातल्या गर्दीत मोजणी चुकलेले, खोट्या पराशयाचे ढीगभर ठिपके यादीत घुसतात. पराशय भागिले त्रुटी दहाच्या वर, ही जोडअट बहुतेकांना हाकलते. रुवे हा गायाचा मोजणीच्या दर्जाचा आकडा १.४च्या वर असलेले तारे मात्र काढू नयेत. आकडा मोठा म्हणजे एका ताऱ्याचं साधं प्रतिमान तिथे बसत नाही, बऱ्याचदा तारा जोडतारा असल्यामुळे. आणि जोडताऱ्यांनाही दूरचा तिसरा सोबती असू शकतो. दुसरी गळती उलट टोकाला आहे. अतितेजस्वी तारे गायाच्या सूचीत अपुरे आहेत. अल्फा सेंटॉरीचे दोन्ही मुख्य तारे डीआर३मध्ये नाहीत. असे तारे हिप्पार्कोस या गायाच्या आधीच्या उपग्रहाच्या सूचीतून हाताने भरावे लागतात.

आता शोधाची त्रिज्या. दहा हजार खगोलीय एककांपर्यंत पाहायचं ठरवलं तर वीस पार्सेकवरच्या ताऱ्याभोवती ५०० आर्कसेकंद पुरतात, पाच पार्सेकवरच्याभोवती २,००० लागतात, म्हणजे अर्ध्या अंशाहून मोठी त्रिज्या. सर्वांत जवळच्या ताऱ्यांभोवती सर्वांत जास्त कचरा गोळा होतो तो याच कारणाने. त्रिज्या आखडती घ्यायचा मोह होतो, पण रॉस १९ बी हा थंड बटू आपल्या ताऱ्यापासून सुमारे ९,९०० खगोलीय एककांवर सापडलेला आहे, हे लक्षात ठेवावं.

सोपं काम आधी उरकून घेतलं. थंड होत जाणाऱ्या बटूंचे एल, टी, वाय असे उतरत्या तापमानाचे वर्ग आहेत, आणि वर्गातला आकडा वाढला की वस्तू आणखी थंड. एल वर्गाचे आणि अगदी जवळचे सुरुवातीच्या टी वर्गाचे सोबती गायालाच दिसतात. ताऱ्याभोवतीच्या गायाच्या नोंदींत तोच पराशय आणि तीच निजगती (आकाशातलं वर्षागणिक सरकणं) असलेला अंधूक ठिपका शोधायचा, बस्स. यात नवीन काही हाती लागण्याची आशा फार धरू नये. बऱ्याच जणांनी हे कुरण चरून झालेलं आहे. पण आपली प्रश्नावली (सूचीला विचारलेली क्वेरी) बरोबर चालते का, हे ओळखीचे सोबती तिने परत शोधून काढले की कळतं.

गायाला न दिसणारे मधले-शेवटचे टी आणि वाय बटू हे खरं लक्ष्य. ते वाइज या अवरक्त उपग्रहाच्या विदेत असतात. डिसेंबर २००९ मध्ये सोडलेल्या या उपग्रहाने, मधला विश्रांतीचा काळ सोडला तर, २०२४च्या उन्हाळ्यापर्यंत आकाश पुन्हा पुन्हा टिपलं. दर सहा महिन्यांनी प्रत्येक भागाला एक फेरी. ३.४ मायक्रॉनचा डब्ल्यू१ आणि ४.६ मायक्रॉनचा डब्ल्यू२ हे दोन पट्टे इथे कामाचे. थंड बटूच्या वातावरणातला मिथेन ३.३ मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश गिळतो, म्हणून तो डब्ल्यू१मध्ये मंद आणि डब्ल्यू२मध्ये ठळक दिसतो. दोन्हींच्या प्रतींतला (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, मोठा असेल तर वस्तू मंद) फरक दीडच्या वर गेला की साधारण टी५-टी६ किंवा त्याहून थंड वस्तूची शक्यता धरायची.

यासाठी वाइजच्या विदेवरून बनवलेली कॅटवाइज२०२० ही सूची वापरली. तिच्यात १८९ कोटींवर नोंदी आहेत, तेव्हा सूची उतरवून घेण्याच्या फंदात पडू नये. टॉपकॅट या सूची हाताळण्याच्या सॉफ्टवेअरमधून ताऱ्यांची यादी चढवून सर्व्हरवरच जुळणी करावी. इथे तीन सापळे आहेत आणि तिन्ही मुकाट्याने चुकीची उत्तरं देतात, एररही येत नाही. पहिला एककांचा: गायाची निजगती वर्षाला मिलीआर्कसेकंदांत, कॅटवाइजची आर्कसेकंदांत. दुसरा काळाचा: गायाचे सहनिर्देशक २०१६.०चे, कॅटवाइजचे निजगतीसह दिलेले २०१५.४चे, टूमास या जुन्या अवरक्त सर्वेक्षणाचे १९९७ ते २००१ या काळातले. वर्षाला एक आर्कसेकंद सरकणारा तारा टूमासमध्ये पंधरा ते अठरा आर्कसेकंद मागे असतो. दोन आर्कसेकंदांच्या त्रिज्येत जुळणी केली तर तो सापडणार नाही, किंवा त्या जागेवरचा भलताच तारा सापडेल. तिसरा ऑलवाइज या वाइजच्याच जुन्या सूचीचा: तिच्यातली गती ही शुद्ध निजगती नाही. ती थोड्या महिन्यांच्या निरीक्षणांवरून काढलेली असल्यामुळे पराशयाचं डोलणं त्यात मिसळलेलं आहे. तिच्यावर निर्णय घेऊ नये.

निजगतीची जुळणी दोन्ही अक्षांवर तीन सिग्माच्या (त्रुटीच्या तिपटीच्या) आत अशी ठेवली. सोबती ताऱ्याभोवती फिरत असतो, मग दोघांची गती हुबेहूब सारखी कशी असेल, ही शंका रास्त आहे. अडीच हजार खगोलीय एककांवर कक्षीय वेग सेकंदाला सुमारे ०.६ किलोमीटर, सतरा पार्सेकवरून तो वर्षाला सात-आठ मिलीआर्कसेकंद दिसेल. अंधूक वस्तूंसाठी वाइजची त्रुटीच त्याहून कितीतरी मोठी असते, तेव्हा कक्षीय गतीची चिंता सोडून द्यावी. चिंता करायची ती तारा स्वतः जोडतारा असेल तेव्हा. गायाने मोजलेली त्याची गती मग आतल्या कक्षेमुळे तिरकी झालेली असू शकते, आणि खरा सोबती जुळत नाही म्हणून हातचा जातो. अशा ताऱ्यांसाठी हिप्पार्कोसच्या १९९१.२५च्या जागेपासून गायाच्या २०१६.०च्या जागेपर्यंतची पंचवीस वर्षांची सरासरी गती वापरलेली बरी.

वर्षाला १५० मिलीआर्कसेकंदांहून हळू सरकणारे तारे बाजूला ठेवले. वाइजचा एक पिक्सेल २.७५ आर्कसेकंदांचा आहे. वर्षाला ५०० मिलीआर्कसेकंद गतीची वस्तू २०१० ते २०२४ या काळात सात आर्कसेकंद सरकते, म्हणजे अडीच पिक्सेल, डोळ्यांना दिसतं. १५०वाली पाऊण पिक्सेल सरकते. तिथे डोळा मनाला हवं ते पाहू लागतो.

यानंतरचा भाग सर्वांत वेळखाऊ आणि, खरं सांगायचं तर, सर्वांत मजेचा. प्रत्येक उमेदवाराच्या वर्षावर्षांच्या प्रतिमा एकामागून एक चालवून पाहायच्या. वाइजव्ह्यू हे साधन ब्राउझरमध्येच हे करून देतं. बॅकयार्ड वर्ल्ड्स या फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालेल्या लोकविज्ञान प्रकल्पातले स्वयंसेवकही अशाच फिरत्या प्रतिमा पाहतात, आणि ज्याला अजिबात अनुभव नाही त्याने आठवडाभर तिथे डोळे तयार करून घ्यावेत. खिडकी दोन-तीन आर्कमिनिटांची ठेवायची. त्याहून मोठी ठेवली तर बारीक हालचाल हरवते. रंगीत प्रतिमेत थंड बटू नारिंगी दिसतो, आजूबाजूचे सामान्य तारे निळसर-पांढरे. वजाबाकी केलेल्या प्रतिमेत सरकणाऱ्या वस्तूच्या जागी काळा आणि पांढरा असे दोन ठिपके एकमेकांना चिकटून उभे राहतात. हालचालीची दिशा ताऱ्याच्या गतीच्या दिशेशी जुळते का ते बघायचं, पण आकडे झाकून. आधी दिशा कागदावर लिहायची, मग गायाचा आकडा उघडायचा. हा नियम कंटाळवाणा वाटतो, पण पाळावा.

इथे बहुतेक उमेदवार मरतात आणि मरण्याची कारणं ठरावीक आहेत. तेजस्वी ताऱ्याचे विवर्तनाचे काटे, त्याच्याभोवतीचं प्रभामंडल, प्रकाशीय भूत आणि आधीच्या छायाचित्राचा शोधकावर उरलेला ठसा, यांची अक्षरं वाइजच्या नोंदीत दूषणखुणा म्हणून दिलेली असतात: डी, एच, ओ, पी. अक्षर मोठ्या लिपीत असेल तर ती नोंदच बहुधा खोटी. छोट्या लिपीत असेल तर वस्तू खरी पण आकडे बिघडलेले. आपण तर मुद्दाम ताऱ्यांच्या शेजारीच शोधतो आहोत, त्यामुळे या खुणा इथे नेहमीपेक्षा खूप जास्त भेटतात. एक खात्रीची चाचणी अशी. सहा महिन्यांच्या अंतराने होणाऱ्या फेऱ्यांत उपग्रह उलट दिशेने झाडू मारत जातो. दोन्ही दिशांच्या प्रतिमा वेगवेगळ्या लावून पाहिल्या की भूत ताऱ्याच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला उडी मारतं. खरी वस्तू दोन्हींत आपल्या जागी राहते आणि सावकाश सरकते.

यापेक्षा फसवा प्रकार मिसळलेल्या ठिपक्यांचा. वाइजची स्पष्टता सुमारे सहा आर्कसेकंद. तेवढ्या जागेत दोन वस्तू असल्या आणि त्यांतल्या एकीचं तेज बदलत असलं तर दोघींचा मिळून मध्यबिंदू सरकतो, आणि सूचीत चक्क निजगती म्हणून नोंदला जातो. रंगही लाल असतो, कारण दोघींपैकी एक बऱ्याचदा धुळीने भरलेली दूरची दीर्घिका असते. पॅन-स्टार्स किंवा लेगसी सर्व्हे या दृश्य प्रकाशातल्या सर्वेक्षणांची धारदार प्रतिमा शेजारी उघडली की दोन वेगळे, जागचे न हललेले ठिपके दिसतात आणि विषय संपतो. दीर्घिका १२ मायक्रॉनच्या डब्ल्यू३ पट्ट्यात बटूंपेक्षा खूप तेजस्वी असतात, तेही पाहून घ्यावं.

अनुपस्थितीचा अर्थ मात्र जपून लावावा. टी७ वर्गाची वस्तू टूमासमध्ये नाही म्हणून ती खोटी ठरत नाही; जे या जवळच्या अवरक्त पट्ट्यात सतराव्या प्रतीच्या पुढची वस्तू टूमासला दिसणारच नव्हती. यूएचएस किंवा व्हीएचएस या नव्या अवरक्त सर्वेक्षणांच्या जे पट्ट्यातल्या प्रतिमा दोन-तीन प्रतींनी खोल आहेत, तिथे ती दिसायलाच हवी. दृश्य प्रकाशाच्या पट्ट्यांत तिने नसावं, फार तर पॅन-स्टार्सच्या वाय पट्ट्यात पुसटशी असावी. जी किंवा आर पट्ट्यात ठसठशीत ठिपका दिसला तर उमेदवार गेला.

उरलेल्यांची सिंबॅड या ज्ञात खगोलीय वस्तूंच्या विदागारात चौकशी करायची. नावाने नाही, सहनिर्देशकांनी, आणि त्रिज्या निदान एक आर्कमिनिट ठेवून. वेगवान वस्तूची जुनी नोंद आजच्या जागेपासून बरीच दूर असते. सोबत अल्ट्राकूलशीट ही अतिथंड बटूंची सूचीही चाळावी. हा दिवस हिरमोड करणारा असतो. सर्वांत देखणे, सर्वांत खात्रीचे उमेदवार नेमके आधीच कोणीतरी नोंदवलेले निघतात. ते तसंच असणार, देखण्यांकडे आधी सगळ्यांचं लक्ष जातं. नवीन काही उरलंच असेल तर ते आकाशगंगेच्या पट्ट्यात, गर्दीत, तेजस्वी ताऱ्याच्या कडेला. लुहमन १६ ही बटूंची जोडी अवघ्या दोन पार्सेकवर असून २०१३पर्यंत कोणाच्या नजरेला आली नाही, कारण ती आकाशगंगेच्या प्रतलाजवळ गर्दीत दडली होती.

योगायोगाची शक्यता मोजायचा एक सोपा मार्ग आहे आणि तो वगळला तर पुढे परीक्षक हमखास विचारतात. आपल्या सगळ्या ताऱ्यांचे सहनिर्देशक एक-दोन अंशांनी सरकवायचे, गती तीच ठेवायची आणि तीच प्रश्नावली पुन्हा चालवायची. त्या जागी तारा नाही, म्हणजे मिळालेले सगळे 'सोबती' योगायोगाचे. मूळ शोधात मिळालेली संख्या याहून फारशी मोठी नसेल तर अटी सैल आहेत. चारही दिशांना सरकवून सरासरी घ्यावी. एकच दिशा घेतली आणि ती आकाशगंगेकडे गेली तर आकडा उगाच फुगतो.

मग अंतराचा मेळ. समजा, ताऱ्याचा पराशय ६० मिलीआर्कसेकंद आहे, म्हणजे अंतर १६.७ पार्सेक. उमेदवार १५० आर्कसेकंदांवर, म्हणजे प्रक्षेपित अडीच हजार खगोलीय एककांवर. त्याची डब्ल्यू२ प्रत १४.६ आणि रंगफरक (डब्ल्यू१ वजा डब्ल्यू२) २.२. या रंगावरून वर्ग टी७च्या आसपास निघतो, आणि टी७ची डब्ल्यू२मधली निरपेक्ष प्रत (दहा पार्सेकवरून दिसली असती ती) साधारण १२.८. फरक १.८ प्रतींचा, म्हणजे अंतर सुमारे २३ पार्सेक. ताऱ्याच्या अंतराशी जुळत नाही. पण लगेच फेकून देऊ नये. रंगावरून काढलेला वर्ग एका उपवर्गाने सहज चुकतो; टी८ असेल तर निरपेक्ष प्रत १३.२च्या घरात जाते आणि अंतर १९ पार्सेक होतं, जे त्रुटी धरता चालण्यासारखं आहे. टी६ निघाला तर अंतर २८ पार्सेकवर जातं आणि सोयरीक मोडते. असा उमेदवार म्हणजेच वर्णपट घेण्याजोगा उमेदवार: निकाल दोन्हीकडे जाऊ शकतो आणि एका रात्रीत लागू शकतो.

इथून पुढे कागदपत्रं. मोठ्या वेधशाळा वर्षातून साधारण दोनदा अर्ज मागवतात. हवाईतल्या मौना केआवरच्या नासाच्या आयआरटीएफ दुर्बिणीचंच पाहा, जिचा स्पेक्स वर्णपटमापक या कामासाठी वर्षानुवर्षं वापरला जातो: फेब्रुवारीत सुरू होणाऱ्या हंगामासाठी अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीला, ऑगस्टच्या हंगामासाठी एप्रिलच्या सुरुवातीला. म्हणजे अर्ज आणि पहिली संभाव्य रात्र यांत निदान चार महिने, आणि लक्ष्य त्या हंगामात रात्री डोक्यावर येत नसेल तर आणखी सहा. अर्ज लिहिण्याआधी प्रत्येक लक्ष्याचा विषुवांश (आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान) पाहून ते कोणत्या महिन्यांत मिळेल हे तपासावं. विजयाच्या वर्णनाला अर्जात जागा देऊ नये. समितीला हवं असतं ते, निकाल 'नाही' आला तरी काय कळेल, याचं उत्तर. लक्ष्यांच्या तक्त्यात जे पट्ट्यातली प्रत, निजगती आणि सहनिर्देशकांचं वर्ष लिहावं. चंद्रप्रकाश चालेल असं स्पष्ट म्हणावं. जवळच्या अवरक्तात चंद्राचा त्रास नगण्य असतो आणि उजेडाच्या रात्रींना मागणी कमी असते. काही वेधशाळांत दुहेरी निनावी छाननी असते, तिथे 'आमच्या आधीच्या कामात' असं लिहिलेलं वाक्यही अर्ज परत यायला पुरतं. वेळ मंजूर झाली की तिचे पैसे पडत नाहीत, आणि बऱ्याच ठिकाणी निरीक्षण दुरूनही करता येतं. ढग आले तर ती रात्र गेली. बदली मिळत नाही.

हे थांबण्याचे महिने जवळच्या सोबत्यांच्या यादीवर घालवले. पद्धत वेगळी: सोबती दिसत नाही, तो ताऱ्याला हलवतो ते मोजायचं. सूर्याएवढ्या ताऱ्याभोवती, दहा पार्सेकवर, दहा खगोलीय एककांच्या कक्षेत गुरूच्या ५० पट वस्तुमानाचा बटू फिरतो आहे असं धरा. आवर्तनकाळ सुमारे ३१ वर्षं. ताऱ्याची स्वतःची गती त्यामुळे वर्षाला नऊ मिलीआर्कसेकंदांपर्यंत बदलते आणि कक्षा कडेने दिसत असेल तर त्रिज्य वेग (आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा) सेकंदाला ४४० मीटरपर्यंत डोलतो. हिप्पार्कोस ते गाया ही सरासरी गती आणि गायाची आजची गती यांची तुलना करणाऱ्या सूचीत, एचजीसीएमध्ये, असा ताऱ्याचा प्रवेग ठळक उठून दिसतो. कायवर्ग (दोन गतींतली तफावत त्रुटीच्या मानाने किती, याचा आकडा) ११.८च्या वर म्हणजे तीन सिग्मा. एचडी ३३६३२ एबी हा बटू २०२० मध्ये असाच, आधी प्रवेग पाहून मग प्रतिमा घेऊन, हाती लागला. पण प्रवेग दिसला म्हणजे तपकिरी बटूच असं नाही. जवळचा हलका आणि दूरचा जड सोबती सारखाच हिसका देतात, आणि श्वेत बटूही हेच करतो. त्रिज्य वेगाची जुनी विदा सापडली तर वाट सापडते, नाहीतर आठ-दहा मीटरच्या दुर्बिणीशिवाय पुढे जाता येत नाही. शिवाय हिप्पार्कोसला दिसले तेवढेच तारे या सूचीत. अंधूक लाल बटू तारे, जे शेजारात संख्येने सर्वांत जास्त आहेत, बहुतेक बाहेरच राहतात.

रात्रीच्या तयारीत एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची: लक्ष्याची जागा त्या रात्रीच्या तारखेपर्यंत पुढे नेऊन ठेवायची. वर्षाला ४२० मिलीआर्कसेकंद गतीची वस्तू कॅटवाइजच्या जागेपासून दहा-अकरा वर्षांत साडेचार आर्कसेकंद पुढे गेलेली असते, आणि वर्णपटमापकाची प्रकाश आत घेणारी फट असते ०.८ आर्कसेकंदाची. शोधनकाशा जे पट्ट्यातल्या प्रतिमेवरच बनवावा, वाइजच्या नाही. मार्गदर्शक कॅमेऱ्यात जे आकाश दिसणार त्याच्याशी तो जुळला पाहिजे.

प्रत्यक्ष निरीक्षण तसं यांत्रिक असतं. फट पॅरॅलॅक्टिक कोनात, म्हणजे क्षितिजाला काटकोनात, वळवायची, नाहीतर वातावरणाच्या वक्रीभवनामुळे छोट्या लहरींचा प्रकाश फटीबाहेर सांडतो आणि वर्णपटाचा उतार बिघडतो. लक्ष्य फटीवर दोन जागी आळीपाळीने ठेवून ए-बी-बी-ए अशा क्रमाने तीन-तीन मिनिटांची छायाचित्रं घ्यायची, म्हणजे आकाशाचा स्वतःचा उजेड वजा करता येतो. जे पट्ट्यातली प्रत सतराच्या थोडी पुढे असेल तर तासभर प्रकाश जमवावा लागतो. लक्ष्याच्या आधी किंवा नंतर, हवेच्या जाडीत ०.१हून जास्त फरक पडू न देता, जवळचा ए० वर्गाचा तारा (ज्याच्या वर्णपटात हायड्रोजन सोडून फारशा रेषा नसतात) घ्यायचा; पृथ्वीच्या वातावरणातल्या पाण्याच्या पट्ट्या त्याच्यावरूनच काढल्या जातात. घाईत ए० ऐवजी एफ वर्गाचा तारा घेतला तर त्याच्या स्वतःच्या रेषांचे अवशेष निकालात राहतात. सपाट प्रकाशाची आणि आर्गॉन दिव्याची छायाचित्रं त्याच जागी, दुर्बीण हलवण्याआधी.

छायाचित्रांवर स्पेक्सटूल या सॉफ्टवेअरने संस्कार केले की आलेख समोर येतो. थंड टी बटू असेल तर ओळखायला तज्ज्ञ लागत नाही: १.२७ मायक्रॉनला एक उंच शिखर, १.५८ला दुसरं अरुंद शिखर, ज्याची उजवी बाजू मिथेनने कापून काढलेली असते, आणि १.१५, १.४ व १.९ला पाण्याचे खड्डे. २.०७ मायक्रॉनचा उंचवटा कितपत दबला आहे तेही पाहावं. तो फारच चपटा असेल तर गुरुत्व जास्त किंवा धातू कमी. मग ताऱ्याचं धातुप्रमाणही कमी आहे का, हे ताडून पाहता येतं. वर्ग ठरवायचा तो स्पेक्स प्रिझम लायब्ररीतल्या प्रमाण वर्णपटांवर आपला आलेख ठेवून, जे पट्ट्यात उंची जुळवून, एकेक उपवर्ग पुढे सरकत. दोन जणांनी वेगवेगळा ठरवावा आणि नंतर बोलावं. वर्ग ठरला की वरचं अंतराचं गणित पुन्हा करायचं. अडीच हजार एककांवरच्या सोयरिकीचा फैसला एका उपवर्गावर होतो, आणि 'जवळजवळ टी८' हे उत्तर चालत नाही. त्रुटी अर्ध्या उपवर्गाची असेल तर तसंच लिहायचं.

जुळलंच तर ताऱ्याचं वय हे शेवटचं कोडं. कॅल्शियमच्या रेषांतली सक्रियता, स्वतःभोवती फिरण्याचा काळ, लिथियम, एखाद्या तरुण तारकागटाचं सदस्यत्व, यांतलं मिळेल ते घ्यायचं. एम वर्गाच्या ताऱ्यांचं वय अब्जावधी वर्षांच्या पल्ल्यात सैल राहतं, आणि तेवढाच सैलपणा बटूच्या वस्तुमानात उतरतो. शिवाय बटू एकटाच आहे असं गृहीत धरू नये. ग्लीज २२९ बी हा खरं तर बारा दिवसांत एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन बटूंची जोडी आहे, हे २०२४ मध्ये उघड झालं, एकोणतीस वर्षांनी. त्याआधी मोजलेलं वस्तुमान त्याच्या मंद तेजाशी जुळत नव्हतं, ते यामुळेच.

लिहून काढताना बाद केलेल्या उमेदवारांचा तक्ताही जोडला: सहनिर्देशक, त्यांचं वर्ष, दोन्ही प्रती, गती त्रुटीसह, आणि बाद करण्याचं कारण एका शब्दात: भूत, मिसळ, दीर्घिका, अंतर, ज्ञात. पुढच्या माणसाने तेच ठिपके पुन्हा चाळू नयेत. गायाचा डीआर४ डिसेंबर २०२६ मध्ये नियोजित आहे आणि त्यात प्रत्येक वेळच्या सुट्या मोजण्याही असतील, म्हणजे रुवे आणि प्रवेगाच्या यादीतल्या ताऱ्यांच्या कक्षा थेट बसवून पाहता येतील. गायाचे सोर्स आयडी एका आवृत्तीतून दुसरीत जाताना बदलू शकतात. म्हणून या यादीत डीआर३चा आयडी, असेल तिथे हिप्पार्कोस क्रमांक आणि २०१६.०चे सहनिर्देशक असे तिन्ही रकाने ठेवले आहेत.